त्वरित ऊतकनिदानाचे प्रामाण्य : एका वैद्यकीय पद्धतीचा इतिहास

सटाणा हे नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. आरम नदीच्या काठचे हे गाव देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या मंदिरामुळे व यात्रेमुळे दूरवर परिचित आहे. भोवतालच्या खेड्यांतून अहिराणी बोलली जाते आणि कांदा-डाळिंबांच्या व्यापारामुळे मोठ्या बाजारपेठांशी गावाचा नित्य संबंध येतो. जिल्ह्याचे ठिकाण मात्र येथून सुमारे ९० किलोमीटर दूर. अशा तालुक्याच्या गावी एखाद्या स्त्रीच्या स्तनातील गाठ काढली, अथवा तंबाखू खाणाऱ्या शेतकऱ्याच्या गालातील जुन्या व्रणाचा तुकडा घेतला, तर तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून मोठ्या गावच्या प्रयोगशाळेकडे धाडावा लागतो, आणि ‘काय निघाले?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर यावयास काही दिवस लोटतात. मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालयांत हाच प्रश्न रोगी भुलेखाली असताना विचारला जातो आणि सुमारे वीस मिनिटांत त्याचे उत्तर मिळते. त्या उत्तरावर विसंबून शल्यचिकित्सक अवयव ठेवतो किंवा काढतो. एवढा विश्वास ज्या उत्तरावर टाकावयाचा, ते कितपत खरे असते, आणि खरे असते हे कळते कसे, हा या निबंधाचा विषय होय.

प्रथम पद्धतीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. नेहमीच्या ऊतकपरीक्षेत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवितात, त्यातील पाणी मद्यार्काने काढून घेतात, मग तो वितळलेल्या मेणात बसवितात. मेण घट्ट झाले म्हणजे सूक्ष्मछेदकाने त्याचे अतिशय पातळ काप काढून ते रंगवितात. मेणाचे कार्य एवढेच की, मऊ ऊतकाला कापण्याजोगा ताठपणा यावा. त्वरित पद्धतीत हा ताठपणा मेणाऐवजी थंडीने आणला जातो. ताजा तुकडा एका चिकट द्रावात बसवून गोठवितात, शून्याखाली सुमारे २० ते २५ अंश सेल्सियस इतक्या थंड पेटीत त्याचे ५ मायक्रॉन जाडीच्या आसपासचे काप घेतात, ते काचपट्टीवर उचलून मद्यार्कात बुडवितात व झटपट रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रुग्णालयांत या पद्धतीला सर्रास ‘फ्रोझन सेक्शन’ किंवा नुसते ‘फ्रोझन’ म्हणतात; मराठीत ‘गोठित छेद’ म्हणता येईल, परंतु शस्त्रक्रियागृहात हा शब्द कोणी उच्चारील असे वाटत नाही.

वेळेची ही बचत फुकट मिळत नाही. गोठताना पेशींतील पाण्याचे स्फटिक होतात. गोठण्याची क्रिया मंद असली तर स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या केंद्रकांचे रूप विकृत दिसते. केंद्रकाच्या रूपावरूनच तर साधी गाठ व मारक गाठ यांतील भेद पुष्कळदा ओळखावयाचा असतो. मेदाला गोठावयास अधिक थंडी लागते, त्यामुळे मेदाळ स्तनाचे काप फाटतात. मेंदूत पाणी अधिक, म्हणून तेथे स्फटिकांचा उपद्रव मोठा. हाड तर या पेटीत कापताच येत नाही. खेरीज, पाहणाऱ्याला अन्य रंजनक्रियांचा, वरिष्ठाच्या सल्ल्याचा अथवा एक रात्र विचार करण्याचा जो अवकाश एरवी असतो, तो येथे नसतो.

ऊतके गोठवून कापण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शरीररचनाशास्त्रज्ञ तिचा उपयोग करू लागले होते. ती शस्त्रक्रियेच्या सेवेला जुंपण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १८९१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाला. शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांच्या विनंतीवरून विल्यम वेल्च यांनी कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने स्तनाची गाठ गोठवून तिचा काप तयार केला. गाठ साधी निघाली. पण काप वाचून होईपर्यंत हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया आटोपली होती. या पद्धतीच्या इतिहासाचा आरंभ असा एका उशिरा पोहोचलेल्या खऱ्या उत्तराने होतो, हे लक्षणीय आहे. त्याच संस्थेतील टॉमस कलेन यांनी १८९५ साली फॉर्मॅलिनचा उपयोग करून गोठित काप करण्याची रीत प्रसिद्ध केली.

पद्धतीला नित्याच्या व्यवहारात आणण्याचे श्रेय सामान्यतः लुई विल्सन यांना दिले जाते. मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो बंधूंच्या रुग्णालयात ते १९०५ साली प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून आले. रोगी टेबलावर असतानाच गाठ कर्करोगाची आहे की नाही हे सांगता येईल अशी काही युक्ती काढा, अशी मागणी विल्यम मेयो यांनी त्यांच्याकडे केली. विल्सन यांनी ताजे ऊतक डेक्स्ट्रिनच्या द्रावात गोठविले, काप मेथिलीन ब्लू या रंगाने रंगविले आणि काही मिनिटांत वाचले. ही कृती त्यांनी डिसेंबर १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या कृतीत रासायनिक नावीन्य फारसे नव्हते. नवे होते ते प्रयोगशाळा शस्त्रक्रियागृहाच्या शेजारी येणे आणि तिने शल्यचिकित्सकाच्या घड्याळाप्रमाणे चालणे. एरवी विकृतिवैज्ञानिकाची जागा शवविच्छेदनगृहाजवळ असे; त्याचे निदान मृत्यूनंतर येई आणि म्हणून त्याला घाई नसे.

याच्या पुढची तीस-चाळीस वर्षे झपाट्याने ओलांडता येतील. कोठे पद्धतीचा पुरस्कार झाला, कोठे अनुभवी विकृतिवैज्ञानिकांनी तिच्याकडे संशयाने पाहिले. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील डजन आणि पॅट्रिक यांनी १९२७ साली २०० रोग्यांच्या अनुभवावर आधारलेली एक वेगळीच रीत मांडली : गाठ कापावयाची, कापलेल्या पृष्ठावर सुरी ओढावयाची आणि सुरीला लागलेला लगदा काचपट्टीवर पसरून लगेच रंगवून पाहावयाचा. या रीतीला गोठविण्याचे यंत्र लागत नाही. ऊतकाची रचना तीत दिसत नाही, पेशी तेवढ्या दिसतात. तथापि कमी साधने असलेल्या ठिकाणी ओरखड्याचा किंवा ठशाचा हा उपाय आजही टिकून आहे. १९३८ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रोम-लँग व मोगेन्सन यांनी सूक्ष्मछेदकच थंड पेटीत बसविला. हाच क्रायोस्टॅटचा पूर्वज. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० नंतरच्या दशकात, तो रुग्णालयांत पसरू लागला आणि काप कितीतरी सुबक येऊ लागले.

मुंबईतील परिस्थिती निराळी होती व तिचे कारण समजण्याजोगे आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने शहर हादरले आणि प्रयोगशाळा म्हणजे जंतूंची प्रयोगशाळा असे समीकरण येथे रूढ झाले. परळची प्लेग रिसर्च लॅबोरेटरी, जिला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, ती या परंपरेची मुख्य संस्था. जंतूंचा शोध घेणाऱ्यास रोग्याच्या शरीरातील तुकड्याच्या रचनेपेक्षा त्याच्या रक्ताची व थुंकीची गरज अधिक. ऊतकावर दृष्टी केंद्रित करणारी मोठी संस्था त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडली : टाटा मेमोरियल हॉस्पिटल. तिच्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ साली क्वेट्टा येथे जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठाची विकृतिविज्ञानातील एम. डी. पदवी घेतली होती आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज येथे अध्यापन केले होते. पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते संचालक झाले आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

खानोलकरांची कीर्ती तंबाखू, चुना, धोतराची घट्ट गाठ, काश्मीरची कांगडी अशा लोकांच्या सवयींचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणाऱ्या अभ्यासामुळे झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांच्या कार्याची दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. सवय आणि रोग यांचा संबंध दाखवावयाचा तर रोग ऊतकपरीक्षेने सिद्ध झालेला असला पाहिजे, आणि तुकडा, काचपट्टी, नाव व नोंद ही एकमेकांपासून सुटता कामा नयेत. शस्त्रक्रियागृह व ऊतकांची प्रयोगशाळा एका संस्थेत, एका शिस्तीखाली असणे आणि आजचे मत उद्याच्या मताशी ताडून पाहता येईल अशी कागदपत्रे असणे, या दोन गोष्टींखेरीज त्वरित निदानाची गुणवत्ता हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो. यंत्र विकत आणता येते. नोंदवहीची सवय लावून घ्यावी लागते.

येथे प्रामाण्याचा प्रश्न येतो. आपल्याकडील दर्शनकारांनी ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी जो दीर्घ वाद केला, त्यात मीमांसकांचा पक्ष असा की, ज्ञान उपजतच प्रमाण असते. ते खोटे ठरविण्यास मात्र बाहेरचे कारण लागते. नैयायिकांचे म्हणणे, ज्ञान खरे की खोटे हे दुसऱ्या ज्ञानावरून, पुढच्या अनुभवावरून ठरते. त्वरित ऊतकनिदानाचा व्यवहार चालतो मीमांसकांच्या रीतीने आणि तपासला जातो नैयायिकांच्या रीतीने. शल्यचिकित्सक उत्तर ऐकताक्षणी ते प्रमाण मानून सुरी चालवितो; ते खरे होते की नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच तुकड्याच्या मेणातील कापावरून ठरते. दोन प्रामाण्यांमधील या एक-दोन दिवसांच्या अंतरात रोग्याचे नुकसान किंवा कल्याण घडून गेलेले असते.

या अंतराची किंमत स्तनाच्या कर्करोगाच्या इतिहासात सर्वांत स्पष्टपणे दिसते. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात अशी वहिवाट होती की, स्त्रीला गाठीसाठी भूल द्यावयाची, तुकडा गोठवून पाहावयाचा आणि उत्तर ‘मारक’ असे आले तर त्याच भुलेत संपूर्ण स्तन काढावयाचा. संमतिपत्रावर दोन्ही शक्यतांसाठी आधीच सही घेतलेली असे. त्यामुळे आपला अवयव राहिला की गेला हे शुद्धीवर आल्यावर हात लावून पाहीपर्यंत रोगी स्त्रीला ठाऊक नसे. निदान जवळजवळ नेहमी बरोबर येई. तरीही ही रीत सदोष होती, कारण निर्णयाच्या क्षणी जिचे शरीर तीच बेशुद्ध होती. अमेरिकेतील पत्रकार रोज कुशनर यांनी १९७४ साली स्वतःला गाठ आढळल्यावर या वहिवाटीस विरोध केला. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात असा अभिप्राय दिला. पुढे बारीक सुईने पेशी काढून तपासण्याच्या व जाड सुईने तुकडा घेण्याच्या पद्धती रूढ झाल्या आणि बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रियेपूर्वीच निदान हाती येऊ लागले. त्वरित निदानाचे क्षेत्र त्यामुळे आकसले नाही, सरकले. ‘हा कर्करोग आहे काय?’ या प्रश्नाची जागा ‘कापलेल्या कडेपर्यंत कर्करोग पोहोचला आहे काय?’ आणि ‘या लसिकाग्रंथीत तो उतरला आहे काय?’ या प्रश्नांनी घेतली.

अचूकतेचे मोजमाप पद्धतशीरपणे आणि मोठ्या प्रमाणावर झाले ते पुष्कळ उशिरा. एकेका रुग्णालयाने आपापले आकडे पूर्वीपासून प्रसिद्ध केले होते. पण अनेक संस्थांचा एकत्रित ताळा अमेरिकन विकृतिवैज्ञानिकांच्या महाविद्यालयाने १९९० नंतर घेतला. १९९१ सालच्या पाहणीत उत्तर अमेरिकेतील २९७ संस्थांमधील ७९,६४७ त्वरित निदाने तपासली गेली. १९९६ सालच्या पाहणीत ४६१ संस्थांमधील ९०,५३८. दुसऱ्या पाहणीत त्वरित मत आणि अंतिम मत यांत विसंगती आढळली ती १.४२ टक्के, म्हणजे तेराशेच्या आसपास ठिकाणी. १९९७ सालच्या आणखी एका पाहणीत ७०० रुग्णालयांतील ३२,८६८ निदानांच्या वेळा पाहिल्या, तेव्हा शेकडा ९० उत्तरे वीस मिनिटांच्या आत दिली गेल्याचे दिसले.

या आकड्यांतील सर्वांत उद्बोधक भाग एकूण टक्केवारीत नाही. १९९६ च्या पाहणीत विसंगतीची कारणेही विचारली होती व तीन कारणांचा वाटा जवळजवळ सारखा, प्रत्येकी सुमारे एक तृतीयांश, निघाला. एक : काप समोर होता, पण पाहणाऱ्याने तो चुकीचा वाचला. दुसरे : गोठविलेल्या तुकड्यातच रोग होता, पण पाहिलेल्या कापात तो आला नव्हता; त्याच तुकड्याचे मेणात पुढे घेतलेले काप पाहताना तो सापडला. तिसरे : गोठविण्यासाठी निवडलेल्या तुकड्यात रोग नव्हताच, तो न निवडलेल्या भागात होता. म्हणजे तीनपैकी दोन चुका डोळ्याच्या नव्हेत, निवडीच्या आहेत. साधे गणित केले तरी याची कल्पना येते. तीन मिलिमीटर जाडीच्या तुकड्याचे पाच मायक्रॉनचे काप घेतले तर ते सहाशे होतात. घाईत त्यांपैकी दोन-चार पाहिले जातात. बारा सेंटिमीटरची बीजांडकोशाची गाठ असेल, तर तो तुकडा स्वतःच गाठीचा एक अल्पांश असतो. त्याच पाहणीत असेही दिसले की, चुकलेल्या उत्तरांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास उत्तरे ‘रोग नाही’ अशी होती व रोग नंतर निघाला. नसलेला रोग ‘आहे’ असे सांगण्याचे प्रमाण त्या मानाने कमी. न सापडलेल्या रोगासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, काढलेला अवयव मात्र परत लावता येत नाही, ही जाणीव उत्तर देणाऱ्यांच्या मनात जागी असल्याचे हे लक्षण मानावयास हरकत नाही.

या संदर्भात दर्शनशास्त्रातील आणखी एक सूक्ष्म विचार उपयोगी पडतो. भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात : जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही. पण त्यांनी त्यास एक अट घातली आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही यावरून घटाचा अभाव सिद्ध होत नाही. या अटीस ‘योग्यानुपलब्धि’ म्हणतात. ‘कर्करोग आढळला नाही’ या अहवालाचे सारे बळ या योग्यतेवर अवलंबून आहे. पुरेसा तुकडा, योग्य जागेचा तुकडा, न चुरगळलेला काप, उत्तम रंजन यांपैकी एक जरी नसले तरी तो अंधारातला घट होय.

मराठी भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट विशेष जाणवेल. ‘या गाठीत कर्करोग नाही’ आणि ‘पाहिलेल्या कापात कर्करोग आढळला नाही’ ही दोन वाक्ये बोलण्याच्या ओघात एकाच अर्थाने वापरली जातात, पण त्यांचे दावे भिन्न आहेत. पहिले गाठीविषयी बोलते, दुसरे पाहण्याविषयी. विकृतिवैज्ञानिकाला प्रामाणिकपणे दुसरेच वाक्य म्हणता येते. शल्यचिकित्सकाला व नातेवाइकाला पहिले ऐकू येते. शिवाय मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. शस्त्रक्रियागृहाच्या गोंगाटात, मुखपट्टीआडून किंवा दूरध्वनीवर ‘कर्करोग आढळला नाही’ यातील अखेरचा शब्द बुडाला तर अर्थ उलटा होतो. इंग्रजीत नकार बहुधा अगोदर येतो, तरी तोही बुडू शकतो. म्हणून उत्तर तोंडी दिल्यास ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवावे, रोग्याचे नाव व क्रमांक दोहोंकडून उच्चारले जावेत आणि तेच शब्द तत्काळ लिहून ठेवावेत, अशी शिस्त चांगल्या प्रयोगशाळांत पाळली जाते. ‘मार्जिन निगेटिव्ह’ याचा अर्थ कड रोगमुक्त, म्हणजे चांगली बातमी. पण ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट अशी बोलीतली समजूत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ती ऐकताच काळजी पसरते.

मराठी विश्वकोशाने बायॉप्सीला ‘जीवोतक परीक्षा’ असा प्रतिशब्द दिला. जिवंत शरीरातून घेतलेले ऊतक असा त्याचा अन्वर्थक विग्रह होतो, आणि तो घडविणाऱ्यांच्या साक्षेपाविषयी आदरच वाटतो. तथापि प्रतिशब्दांची निर्मिती ज्या शब्दापाशी अडली नाही, पण अडावयास हवी होती, तो शब्द वेगळाच आहे. त्वरित निदानात तीन उत्तरे संभवतात : साधी, मारक आणि ‘आता सांगता येत नाही, मेणातील काप पाहून सांगू’. या तिसऱ्या उत्तरास प्रयोगशाळेत ‘डिफर्ड’ म्हणतात. मराठीत ‘राखून ठेवलेले’ म्हणता येईल. न्यायालय निकाल राखून ठेवते तसे. न्यायाधीशाने निकाल राखून ठेवला तर कोणी त्यास अज्ञानी म्हणत नाही. विकृतिवैज्ञानिकाने निदान राखून ठेवले तर मात्र, अनुभवी शल्यचिकित्सकांचा अपवाद वगळता, ती त्याची दुर्बलता समजली जाण्याचा संभव असतो.

गुणवत्तेच्या मोजमापात या तिसऱ्या उत्तराला निराळा स्तंभ देणे, ही या इतिहासातील एक मोठी सुधारणा होय. केवळ विसंगतीची टक्केवारी पाहिली तर फसगत होते. एखादी प्रयोगशाळा प्रत्येक अवघड प्रश्नावर ‘उद्या सांगू’ म्हणू लागली तर तिची चूक शून्यावर येईल आणि तिचा उपयोगही. उलट, जी कधीच ‘उद्या’ म्हणत नाही ती धाडसी असण्याची शक्यता अधिक. म्हणून दोन्ही प्रमाणे शेजारी ठेवूनच वाचावी लागतात. आणि कोणत्या प्रकारच्या गाठी तेथे येतात हेही पाहावे लागते. कंठस्थ ग्रंथीच्या काही गाठींत रोग मारक आहे की नाही हे तिच्या वेष्टनाचा भेद झाला आहे काय यावर ठरते. त्यासाठी सर्व वेष्टन तपासावे लागते आणि ते वीस मिनिटांत होत नाही. तेथे राखून ठेवलेले उत्तर हेच अचूक उत्तर होय.

विचारण्याची बाजूही तितकीच तपासण्याजोगी आहे. शल्यचिकित्सकाला उत्तर मिळाल्यावर पुढे काय वेगळे करावयाचे आहे, हे ठरलेले नसेल तर त्वरित तपासणी केवळ कुतूहल ठरते. ताज्या ऊतकाचा छोटा तुकडा असेल तर तिच्यात तो खर्चीही पडतो. मुखाच्या व घशाच्या कर्करोगात कड पुरेशी काढली गेली आहे की नाही यासाठी त्वरित काप पाहणे रूढ होते. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शल्यचिकित्सकाने काढलेला भाग स्वतः नीट पाहून कडेचे अंतर मोजणे हा या तपासणीला पर्याय ठरू शकतो, असे दाखविले गेले. तंबाखूमुळे मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण जेथे विपुल आहेत आणि क्रायोस्टॅट विरळ, तेथे या निष्कर्षाचे मोल सहज कळेल.

भारतीय परिस्थितीचा आणखी एक विशेष पाश्चात्त्य ग्रंथांत सहसा गौण राहतो, तो म्हणजे क्षय. कर्करोग म्हणून उघडलेली मानेतील ग्रंथी क्षयाची निघणे येथे नवलाचे नाही. निदानाच्या दृष्टीने तो रोग्याचा लाभच. परंतु गोठविल्याने क्षयाचे जंतू मरत नाहीत. ताजा तुकडा थंड पेटीत कापला जातो तेव्हा पेटी, सुरी आणि तंत्रज्ञाचा हात यांना संसर्गाची भीती राहते आणि पेटीचे निर्जंतुकीकरण होईपर्यंत पुढचे काम थांबते. गुणवत्तानियंत्रणाची चर्चा बहुधा काचेवरील चित्राविषयी होते. ते चित्र तयार करणाऱ्या तंत्रज्ञाची सुरक्षितता तिच्यात शेवटच्या परिच्छेदात येते.

भारतात वैद्यकीय प्रयोगशाळांचे मानांकन ‘आय.एस.ओ. १५१८९’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार राष्ट्रीय मंडळाकडून केले जाते. त्यात नोंदी, उपकरणांची देखभाल, कर्मचाऱ्यांची पात्रता, निष्कर्षांचा ताळा यांची अपेक्षा असते. २०१२ साली टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशातील कर्करोग-रुग्णालयांचे जाळे उभे राहिले. या सर्वांचा परिणाम मोठ्या शहरांत दिसतो. बागलाणातील रोग्यापर्यंत तो पोहोचावयाचा तर मधले अंतर ओलांडले पाहिजे, आणि ते केवळ रस्त्याचे नाही. क्रायोस्टॅट रात्रंदिवस थंड ठेवावा लागतो. २००५ च्या सुमारास व त्यानंतर काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले, त्या काळात अशा पेटीचा विचारही धाडसाचा ठरला असता. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे, आठवड्यात एखादेच त्वरित निदान करणाऱ्या माणसाचा हात व डोळा सराईत राहत नाही. म्हणून तालुक्याच्या गावी यंत्र बसवून प्रश्न सुटत नाही.

दूरस्थ विकृतिविज्ञानाने या अडचणीवर एक मार्ग सुचविला. नॉर्वेच्या उत्तर भागात विकृतिवैज्ञानिक नसलेल्या किर्केनेस येथील रुग्णालयासाठी शेकडो किलोमीटरवरील ट्रॉम्सो येथून त्वरित काप वाचण्याची सोय करण्यात आली. तिची माहिती १९९१ साली प्रसिद्ध झाली. काप किर्केनेसला होत असे, सूक्ष्मदर्शक ट्रॉम्सोहून हलविला जाई. महाराष्ट्रातील निकटचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे आहे. बार्शी हेही सटाण्याप्रमाणे तालुक्याचे गाव. पण तेथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ साली ग्रामीण लोकसंख्येवर आधारित अशी देशातील पहिली कर्करोग-नोंदणी तेथे सुरू झाली. या रुग्णालयातील काचपट्ट्यांची स्थिरचित्रे मुंबईला पाठवून टाटा मेमोरियलमधील विकृतिवैज्ञानिकांचे मत घेण्याची व्यवस्था करण्यात आली होती आणि तिच्यातील पहिल्या शंभर रुग्णांचे विश्लेषण २००४ साली प्रसिद्ध झाले. ती व्यवस्था सल्ल्यासाठी होती, शस्त्रक्रिया चालू असतानाच्या निदानासाठी नव्हे. पण तिच्यामुळे एक मर्यादा स्पष्ट झाली, जी नॉर्वेतील प्रयोगात नव्हती. स्थिरचित्रात पाठविणाऱ्याने निवडलेलाच भाग दिसतो. पूर्ण काचपट्टीचे अंकीय चित्र घेता येऊ लागल्यापासून ही अडचण काचेपुरती दूर झाली आहे. त्याच्या मागची निवड, म्हणजे गाठ हातात घेऊन, चाचपून, कापून, तिच्या कोणत्या कोपऱ्यातील कोणता तुकडा गोठवावयाचा हे ठरविणे, अजूनही जेथे रोगी भुलेखाली आहे तेथेच करावे लागते; आणि १९९६ च्या पाहणीतील एक तृतीयांश चुका नेमक्या त्या कामात झाल्या होत्या.